बी-१२ चा पॅच खरंच कातडीतून आत जातो का?

हल्ली ऑनलाईन व्हिटॅमिनचे साधे पॅच मिळतात, दंडावर चिकटवा की झालं. त्यातले बी-१२ चे पॅच बघितले की मला खरंच काळजी वाटते, कारण आपल्याकडे शाकाहारी घरांमध्ये बी-१२ कमी निघणं इतकं कॉमन आहे आणि इंजेक्शनच्या भीतीने लोक असलं काहीतरी लावून बसतात, हातापायाला मुंग्या येतच राहतात.

अडचण कातडीचीच आहे. सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ, पण भारी चिवट. ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठे रेणू त्यातून सहसा जात नाहीत आणि बी-१२ आहे साधारण १३५५ चं, त्यात परत ते पाण्यात विरघळणारं आणि हा थर तेलकट. मग नुसतं चिकटवून कितीसं आत जाणार?

इथे मायक्रोनीडल कामाला येतात. १९९८ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या मार्क प्राउसनिट्झ यांच्या टीमने सिलिकॉनच्या बारीक सुया वापरून दाखवलं की कातडीतून औषध जाण्याचं प्रमाण प्रचंड वाढतं. आता विरघळणाऱ्या सुया बनवतात, साच्यात पॉलिमर आणि औषधाचं मिश्रण ओतायचं, वाळवायचं, की छोट्याशा तुकड्यावर शेकडो टोकं तयार. बोटाने दाबलं की ती वरचा थर भेदतात, आतल्या ओलाव्यात विरघळतात आणि औषध तिथेच सुटतं, टोकदार कचरा उरत नाही. लांबी बहुतेक वेळा एक मिलिमीटरच्या आत, त्यामुळे फारसं दुखत नाही. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत २०१९ मध्ये बी-१२ भरून हे उंदरांवर करून बघितलंय.

आणि बी-१२ याला फिट का बसतं, तर रोजची गरज फक्त दोन-अडीच मायक्रोग्रॅमची! सुईच्या टोकात मावतं तरी किती, अगदी थोडं, पण इथे थोडंच लागतं. व्हिटॅमिन सी चं तसं नाही, ते रोज मिलिग्रॅममध्ये लागतं, ते पोटातूनच घेतलेलं बरं.

एक मात्र कळकळीने सांगते, घरी डर्मा रोलर (बारीक सुया लावलेला छोटा रोलर) फिरवून लगेच त्यावर व्हिटॅमिन सी चं सीरम चोळू नका. चेहऱ्यावर लावायचं सीरम कातडीच्या आत सोडायला बनवलेलं नसतं, त्यात सुगंध, प्रिझर्व्हेटिव्ह काय काय असतं. मायक्रोनीडलिंगनंतर असं सीरम लावून चेहऱ्यावर गाठी आलेल्या बायकांच्या केसेस २०१४ मध्ये मेडिकल जर्नलमध्ये छापून आल्यात.

माझ्या आईला बी-१२ चं इंजेक्शन घेतलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत दंड ठणकतो, म्हणून मला हे मायक्रोनीडलवाले पॅच लवकर यावेत असं मनापासून वाटतं. तोवर जास्त डोसची गोळी चालेल का ते डॉक्टरांना विचारणार आहे, १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं साधारण एक टक्का तरी असंच शोषलं जातं, म्हणजे दहाएक मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेला पुरून उरेल इतकं.