तुम्ही विचारलंत म्हणून: प्रयोगाचं इंग्रजी

प्रथम वर्षाचे प्रवेश सुरू झाले की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे बहुधा जुन्नर, भोर, इंदापूर अशा ठिकाणांहून मुलाला पुण्यात बी.एस्सी.ला घालायला आलेले पालक असतात. "मॅडम, दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, अकरावी-बारावी कशीबशी इंग्रजीत निघाली. आता जर्नल म्हणजे प्रयोगवही इंग्रजीत, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा इंग्रजीत. सायन्सच्या शब्दांचं एखादं चांगलं पुस्तक सांगा ना, पाठ करून टाकेल."

पुस्तकं अप्पा बळवंत चौकात हवी तेवढी मिळतील. पण रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, त्या भरवशावर सांगते: एवढ्यात घेऊ नका. त्या याद्यांमध्ये वस्तूंची नावं असतात, आणि मुलं अडतात ती वस्तूंच्या नावांवर नव्हे. ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणांची उभी नळी), पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी), सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र) हे शब्द पहिल्या पंधरवड्यात तोंडात बसतात, कारण लॅबमध्ये त्यांना दुसरं नावच नसतं. शाळेतलं चंचुपात्र आणि परीक्षानळी कधी मागे पडली ते मुलांना कळतही नाही. क्रोमॅटोग्राफीसारखा लांबलचक शब्द दिसायला भीतिदायक, पण निरुपद्रवी. त्याचा अर्थ एकच, कुठेही बदलत नाही.

अडतात ती क्रियापदांवर, तीही साध्यासुध्या.

ऑक्झॅलिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं टायट्रेशन घ्या, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून नेमकं किती लागलं ते मोजणं. शंकूच्या आकाराच्या फ्लास्कमध्ये पिपेटने मोजून ॲसिड, त्यात रंग बदलून खूण देणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे एक-दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये हायड्रॉक्साइड. सुरुवातीलाच सूचना असते, ब्युरेट 'वॉश' करा आणि मग भरायच्या द्रावणाने 'रिन्स' करा. मुलगा दोन्हीचा अर्थ 'धुणे' असा लावतो आणि दोनदा नळाखाली धरून मोकळा होतो. वास्तविक त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात हे दोन वेगळे शब्द आहेत, धुणे आणि विसळणे. ब्युरेट द्रावणाने विसळायची, कारण आत राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होतं. फ्लास्क मात्र ॲसिडने विसळायचा नाही. नुसतं डिस्टिल्ड वॉटर पुरे. तो ओला राहिला तरी बिघडत नाही, पण ॲसिडचा अंश राहिला तर मोजून घातलेल्यात न मोजलेलं मिसळतं. हे कारण एकदा हाताखालून गेलं की 'रिन्स' पाठ करावा लागत नाही.

पुढे 'स्वर्ल'. काचेच्या कांडीने ढवळणं म्हणजे 'स्टर', परीक्षानळी हलवणं म्हणजे 'शेक', आणि फ्लास्क मनगटाने गोल गोल फिरवणं म्हणजे 'स्वर्ल'. टायट्रेशनमध्ये तिसरंच हवं. कांडी घातली तर तिला लागून थेंब बाहेर येतात, जोरात हलवलं तर द्रावण वर उडतं. फिकट गुलाबी रंग येतो, फिरवल्यावर जातो, पुन्हा येतो, आणि एका थेंबाला अर्धा मिनिट टिकतो. तो एंड पॉइंट, म्हणजे थांबायची खूण. ज्या मुलाने तो एक थेंब पकडलाय त्याला 'पर्सिस्ट' या शब्दाचा अर्थ विचारून बघा.

इथे एक तक्रार केल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे जर्नलमध्ये पायलट म्हणजे अंदाजाच्या रीडिंगनंतर तीन रीडिंग आणि मग सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, असा रकाना असतो. त्यातल्या 'कॉन्स्टंट'चा धसका एवढा, की मुलं तिन्ही घरात डोळे मिटून ९.८ लिहितात. ९.८, ९.७, ९.८ असं आलं तर ते खोडून सारखं करतात! इंग्रजीत याला 'कॉन्कॉर्डंट' असा फार समजूतदार शब्द आहे: एकमेकांशी जुळणारी, ठरलेल्या मर्यादेत जवळजवळ असणारी. ब्युरेटवरच्या खुणाच ०.१ मिलिलिटरच्या, तेव्हा एवढा फरक येणारच.

'एरर'चंही तसंच. तारेची जाडी मोजायचं स्क्रू गेज पूर्ण बंद केल्यावर शून्याला शून्य जुळलं नाही, तर तो झीरो एरर. अधिक-उणे चिन्हासकट लिहायचा आणि रीडिंगमधून वजा करायचा. पण मुलाच्या डोक्यात एरर म्हणजे चूक, आणि चूक म्हटली की गुण कापले जाणार, म्हणून तो लपवतो. उपकरणाची खोड नोंदवण्यात लाज कसली?

हाताची क्रियापदं झाली की दाव्याची येतात, आणि संशोधनाचं इंग्रजी खरं इथे सुरू होतं. रिझल्टच्या खाली मुलं सर्रास लिहितात, 'धिस प्रूव्ह्ज'. मी तांबड्या शाईने 'प्रूव्ह्ज' खोडायची. एका दुपारच्या प्रॅक्टिकलने काही सिद्ध होत नाही. दिसलं असेल तर 'शो', खूण मिळाली असेल तर 'इंडिकेट', शक्यता वाटत असेल तर 'सजेस्ट'. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची रचना मांडली, त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यातलं क्रियापद 'सजेस्ट' आहे. तेच वाक्य 'वुई'ने, म्हणजे 'आम्ही'ने, सुरू होतं. त्यामुळे शास्त्रीय लेखनात कर्ता गाळलाच पाहिजे, सगळं 'वॉज ॲडेड, वॉज हीटेड' असंच हवं, हा आपल्या मास्तर मंडळींचा हट्ट मला कधी पटला नाही. जर्नलमध्ये मात्र निमूटपणे तसं लिहा, एक्स्टर्नलशी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाशी, वाद कोण घालणार.

'सिग्निफिकंट' हा आणखी एक लबाड शब्द. वर्तमानपत्रात तो 'महत्त्वाचा' म्हणून येतो. संशोधनात त्याचा अर्थ एवढाच, की निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता आधी ठरवलेल्या मर्यादेहून कमी आहे. ५ टक्क्यांची मर्यादा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मधल्या पुस्तकात सोयीची म्हणून वापरली आणि ती रूढ झाली. फरक अगदी क्षुल्लक असूनही सिग्निफिकंट ठरू शकतो. 'नॉइज'ही तसाच फसवा. नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथे 'नॉइज' ऐकलं की मुलं गोंगाट शोधतात. आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरींत मिसळणारं नको ते सगळं, मोबाइलच्या लहरींसकट, तिथे नॉइजच असतं, आवाज नसला तरी.

व्हायवाबद्दल थोडक्यात. उच्चाराची काळजी करू नका, परीक्षकांचेही यथातथाच असतात. प्रश्न कळला नाही तर 'कुड यू रिपीट, सर' आणि उत्तर येत नसेल तर 'आय डोंट नो' ही दोन वाक्यं न घाबरता यायला हवीत. गप्प उभ्या राहणाऱ्या मुलाला कळत नाही की बोलता येत नाही, हे परीक्षकाला समजायला मार्ग नसतो.

"मग घरी काय करून घेऊ?" हा पुढचा प्रश्न. रात्री फोन आला की विचारा, आज काय केलंस? त्याला मराठीत सांगू द्या, काय कशात ओतलं, किती, कशासाठी, मग काय दिसलं. 'का' विचारल्यावर अडखळला, तर तिथे इंग्रजी कच्चं नाही, प्रयोगच समजलेला नाही. सांगून झालं की त्यातली तीन-चार वाक्यं त्याने तेव्हाच इंग्रजीत लिहावीत, दर वाक्यात नवं क्रियापद घालून. दिवाळीपर्यंत एवढं पुरे. त्यानंतरही यादी हवीशी वाटली, तर राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, एखाद्या ग्रंथालयात बसून चाळता येतील.