तुम्ही विचारलंत म्हणून: कॅलेंडरवरच्या फुल्या

लग्नकार्यात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्येही हा प्रश्न येतोच: ‘डॉक्टर असून पेशंट सोडून प्रयोगशाळेत कशा गेलात?’

पेशंट सोडलेले नाहीत. आठवड्यातले दोन दिवस ओपीडी असतेच. उरलेले दिवस लहान मुलांच्या ल्युकेमियातली, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातली, औषधं कुणाला सोसतात, कुणाला नाही, आणि का, हे शोधण्यात जातात. तिकडे वळले ते एका कॅलेंडरमुळे.

२००७ साल. मी शिकाऊ डॉक्टर. सात वर्षांचा एक मुलगा, एएलएल, म्हणजे मुलांमधला नेहमीचा ल्युकेमिया. सुरुवातीचे जड उपचार त्यानं झेलले होते, आता मेंटेनन्स, म्हणजे आजार परतू नये म्हणूनचे लांबलचक उपचार, चालू होता: रोज रात्री सिक्स-एमपी या औषधाच्या गोळ्या, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट हे दुसरं औषध. ऐकायला सोपं. पण महिन्याभरात त्याच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या, ताप भरला, भरती करावं लागलं. औषध थांबवलं की काउंट, म्हणजे पेशींचे आकडे, वर यायचे, सुरू केलं की पुन्हा खाली. एक दिवस अर्धी, एक दिवस अख्खी, असा डोस होता. आईच्या हातून गोंधळ होतोय, असं मी ठरवूनच टाकलं. आणि विचारलं तेही वॉर्डात, सगळ्यांदेखत, चढ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी त्याची आई घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आल्या. प्रत्येक तारखेवर लाल पेनानं फुली. अर्ध्या गोळीच्या दिवशी फुलीची एकच रेघ. ‘गोळीच्या आगेमागे दूधसुद्धा देत नाही, तुम्हीच सांगितलंय ना,’ त्या म्हणाल्या. मी सगळं पाहिलं आणि तरीही म्हटलं, ‘जरा लक्ष देत जा.’

सिक्स-एमपी शरीरात निकामी करणारं टीपीएमटी नावाचं एन्झाइम काहींच्यात कमजोर असतं, एवढं आम्हाला पुस्तकातून ठाऊक होतं. या मुलाचं ते ठीक निघालं. पुस्तक तिथंच संपत होतं, कारण ते मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या मुलांवरून लिहिलेलं. शेवटी अंदाजानं डोस कमी कमी करत, अगदी चिमूटभरावर आणून, त्याचे उपचार पुरे झाले.

त्याच सुमारास मी मुलांच्या ल्युकेमियावर औषध शोधणाऱ्या डॉ. सिडनी फार्बर यांच्याबद्दल वाचत होते. बोस्टनमध्ये त्यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक ॲसिडसारखी द्रव्यं दिली, आणि आजार उलट फोफावताना दिसला. (पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखल्या गेलेल्या घटकाचा माग ल्यूसी विल्स यांना लागला होता तो आपल्या मुंबईत, गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर काम करताना. ही गोष्ट मी संधी मिळेल तिथं सांगते.) फार्बर यांनी दोष औषधात शोधला आणि फोलिक ॲसिडच्या विरोधी द्रव्याची वाट धरली. लेडर्ले या औषध कंपनीत आपल्या आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं बनवलेलं ॲमिनोप्टेरिन त्यांनी १६ मुलांना दिलं. १० मुलांना उतार पडला, थोड्या काळापुरता का होईना. ते साल १९४८. आजचं मेथोट्रेक्झेट त्याचंच भावंड.

आणि मी काय केलं होतं? औषधाकडे बघायचं सोडून आईकडे बोट दाखवलं होतं. एमडी झाल्यावर मी संशोधनाला अर्ज केला, त्यामागे हे होतं. मुलाखतीत अर्थातच जरा भारदस्त कारण सांगितलं.

२०१४ मध्ये अशी औषधं न सोसण्याशी एनयूडीटी१५ या जनुकाचा संबंध दाखवणारा शोधनिबंध आला, पुढच्या वर्षी ल्युकेमियाच्या मुलांबद्दलचा. या जनुकातला एक बदल आशियाई लोकांत बऱ्यापैकी आढळतो, आपल्याकडेही. आई आणि वडील, दोघांकडून तो आला, तर मुलाला सिक्स-एमपीच्या नेहमीच्या डोसचा जेमतेम दहावा हिस्सा सोसतो. परवानगीनं साठवलेला त्या मुलाचा नमुना उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये होता. तपासला. जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, बदललेल्या.

त्याच्या आईला फोन करण्याआधी दोन दिवस टाळाटाळ केली. माफी मागायची तर होतीच. पण ‘हे तुम्हा दोघांकडून आलंय’ असं सांगितलं की सासरचे नातेवाईक आणखी काय काय बोलतील, याचीही धास्ती होती.

‘मी तेव्हाच म्हटलं होतं, गोळ्या बरोबर देते म्हणून,’ त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, ‘धाकटीची तपासणी करायची का?’

तिला कधी हे औषध द्यायची वेळ आली, तरच, असं मी सांगितलं. मुलगा तेव्हा बारावीला होता. क्लासला गेला होता, नाहीतर बोलला असता म्हणे.