किलोमीटरचा काटा, मैलांचे रस्ते: चेस्टर ते न्यूरी

ब्रिटनमध्ये वेगाच्या पाट्या मैलांच्या, माझ्या गाडीचा काटा किलोमीटरचा. "०.६ ने गुणायचं, आठवड्यात सवय होते," असं गाडी विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. साफ खोटं. मोकळ्या मोटरवेवर गुणाकार जमतो. वेल्समधल्या गावांत जमत नाही, आणि दंड तिथेच बसतो.

गाडी म्हणजे फोक्सवॅगन बीटलच्या आखूड केलेल्या चॅसीवरची पोर्शे ३५६ स्पीडस्टरची प्रतिकृती. डायल २०० पर्यंत, फक्त किलोमीटरचा. मार्ग: चेस्टर, कॉनवी, लॅनबेरिस, होलीहेडहून फेरीने डब्लिन, मग कार्लिंगफर्डवरून उत्तर आयर्लंडमधलं न्यूरी. होलीहेडच्या वाटेवरचं अँगलसी बेट सुंदर आणि त्या मानाने सोपं.

सगळा त्रास लॅनबेरिसच्या घाटात. १७ सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतली मर्यादा सर्वसाधारणपणे ताशी २० मैल आहे, म्हणजे ३२ किलोमीटर. डायलवर २० आणि ४० यांच्यामध्ये ३२ ची रेघच नाही, आणि जुन्या केबलमुळे कमी वेगात काटा थरथरतो. गाव सुटलं की मर्यादा बदलते, पुढचं गाव आलं की परत २०. मध्ये ३५९ मीटरवरच्या पेन-ई-पासचा चढ, रस्त्याला चिकटून दगडी भिंती, मेंढ्या, समोरून बस. अशा वेळी काटा शोधून, वाचून, गुणणं शक्यच नाही. खुणा न केलेला डायल घेऊन इथे येऊ नका.

डायलच्या काचेवर रंगीत पट्ट्या लावा, पण नुसतं गणित करून ३२, ४८, ११३ वर लावू नका. बीटलची स्पीडोमीटर केबल डाव्या पुढच्या चाकातून फिरते, त्यामुळे त्या टायरचा व्यास महत्त्वाचा. मीटर ज्या १६५/८० आर१५ मापाला जुळलेला असतो, त्याचा व्यास साधारण ६४५ मिलिमीटर. प्रतिकृतीला शोभेसाठी १९५/६० आर१५ घातले की तो ६१५ होतो. चाक जास्त फिरतं, काटा जवळपास ५ टक्के जास्त दाखवतो. म्हणून माझ्या पट्ट्या ३४, ५१, ६८, ८४, १०१ आणि ११८ वर आहेत: अनुक्रमे २०, ३०, ४०, ५०, ६०, ७० मैलांसाठी. तुमच्या त्याच जागी येतीलच असं नाही. सपाट रस्त्यावर शेजारच्याला फोनवरचा जीपीएस वेग मोठ्याने वाचायला सांगा आणि मग चिकटवा.

निघण्यापूर्वी एका वर्कशॉपने "पूर्ण रूपांतर" म्हणून भरपूर पैसे सांगितले. खोदून विचारल्यावर कळलं, फक्त मैलांची छापील तबकडी बसवणार. आतलं यंत्र तेच, ओडोमीटर, म्हणजे एकूण अंतराचा आकडा, किलोमीटरच मोजणार. वर्षाला ५००० मैलांची मर्यादा असलेला विमा असेल, तर मूळ मापाच्या टायरवर त्या आकड्यांत ती ८०४७ ला संपते, हे लिहून ठेवा. पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: ओडोमीटर मैल मोजेल का? तिथे उत्तर नाही असं आलं, मी उठलो.

केबलमध्ये गिअरची छोटी डबी घालून काटा आणि ओडोमीटर दोन्ही मैलांवर आणता येतात. पण मग ७० मैलांपर्यंतचा सगळा कारभार डायलच्या पहिल्या साधारण एक तृतीयांशात कोंबला जातो आणि २० ची खूण आणखी चिमटते. वेल्ससाठी नको.

फक्त जीपीएसवर चालणारा मीटरही नको. ए५५ महामार्गावर कॉनवीचा बोगदा नदीखालून जातो, सिग्नल गेला की आकडाही गेला. डब्लिन पोर्ट टनेल तर साडेचार किलोमीटरचं, मर्यादा ८० आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे.

आयर्लंडमध्ये उतरल्यावर मात्र जीव हलका झाला. २० जानेवारी २००५ पासून तिथल्या पाट्या किलोमीटरच्या, जो आकडा पाटीवर तोच डायलवर. लॅनबेरिसनंतर हे सुख काय असतं, ते तिथे गाडी चालवल्याशिवाय कळणार नाही. उघड्या टपाने कार्लिंगफर्डच्या खाडीकाठी मनसोक्त चालवा.

पण ओमीथवरून न्यूरीकडे जाताना जागे राहा. उत्तर आयर्लंडच्या सीमेवर फाटक नाही, कोणी थांबवत नाही, पाट्यांवरचं एकक मात्र बदलून परत मैल होतं. उत्तरेतला ६० म्हणजे ९७ किलोमीटर, दक्षिणेतला ६० म्हणजे नुसते ६०. तेव्हा उत्तरेत पट्ट्या पाहा, दक्षिणेत छापील आकडे. परतताना जास्त जपा, कारण नजर पट्ट्यांना सरावलेली असते आणि अरुंद रस्त्यावर ९७ ने जाण्याचा धोका तिथेच आहे.

सोबत एक जादा केबल ठेवा, आणि तिचं चौकोनी टोक चाकाच्या टोपीत धरणारी बारीक क्लिपसुद्धा. ती निसटली की काटा शून्यावर, मग मैल काय आणि किलोमीटर काय.