आरोग्य केंद्राच्या भिंतीवरची आशाताई

आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची रस्त्याकडची भिंत मी रंगवतेय, हे कळल्यापासून जो तो सुचवतोय : डॉक्टर काढा. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, जमलं तर मागे पंख. करोनात असे देवदूत पुष्कळ भिंतींवर उतरले. मला ते पटत नाही. देवदूताला भूक लागत नाही, त्याचं मानधनही थकत नाही.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या सरकारी रुग्णालयात मे २०२० मध्ये लागलेलं, नाव लपवून भिंती रंगवणाऱ्या बँक्सी या चित्रकाराचं चित्र बघा. लहान मुलगा नर्सची बाहुली उडवतोय. बॅटमॅन, स्पायडरमॅन टोपलीत पडलेत. पाठीवर उडणारा झगा तिलाही आहेच. पण पुढच्या मार्चमध्ये ते लिलावात १ कोटी ६८ लाख पौंडांना गेलं आणि विक्रीचा पैसा तिथल्या आरोग्यसेवेच्या मदतनिधीकडे वळवला गेला. चित्रापेक्षा मला हेच जास्त भावलं.

डॉक्टरांना विसरा असं मी म्हणत नाही. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, आणि शिच्याच्वांग शहरात त्यांचा पुतळा आहे. पण आशाताईचा पुतळा मी तरी कुठे पाहिलेला नाही. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांची ही ‘आशा’ योजना आली, खेड्यात साधारण हजार वस्तीमागे एक ताई. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झालं तेव्हा ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन याच बाया दारोदार गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये देशभरातल्या आशांचा गौरव केला. तरी कायम पगार नाही. कामागणिक मोबदला आणि मानधन.

म्हणून भिंतीवर तीच. खांद्याला पिशवी, काखेत रजिस्टर, पायात चिखलाने भरलेली चप्पल. मागे १०८ चा चालक आणि वॉर्ड झाडणारी मावशी, दोघंही तिच्याच उंचीचे. या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही.

भिंतीला लोणा लागला होता. तो खरवडून प्राइमर दिला, गेरूत भिजवलेली दोरी ताणून चौकटी मारल्या. साडीला गुलाबी हवा असा आग्रह होता, पण पश्चिमेच्या उन्हात गुलाबी लवकर उडतो. गेरू आणि पिवळी माती टिकतात, तेच वापरले.

खाली माझं नाव टाकायला जागा ठेवली होती. तिथे लसींचं वेळापत्रक लिहा, असं ताईंनी सुचवलं, कारण बाकडं नेमकं समोर आहे आणि बाळ मांडीवर घेऊन बसलेली बाई ते वाचेल. जन्मल्यावर बीसीजी, मग दीड, अडीच, साडेतीन महिने, नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेला. उद्या अक्षरं आखायला घेतेय, मोठी, चष्मा नसलेल्या आजीलाही दिसतील अशी.