वीजबिल ठरते ते घरात शिरणाऱ्या उष्णतेवर

उन्हाळ्यातील वीजबिल हातात पडले की बहुतेक घरांत पहिली चौकशी होते ती एसी कोणी आणि किती वेळ चालू ठेवला याची. मला ही चौकशी अपुरी वाटते, कारण एसी हे यंत्र थंडी तयार करत नाही; घरातील उष्णता उचलून ती बाहेर नेऊन टाकणे एवढेच त्याचे काम आहे. वाढलेले बिल म्हणजे या उष्णतेची हमाली होय, आणि ओझेच कमी आले तर हमालीही कमी द्यावी लागते. त्यामुळे ही उष्णता घरात येते कुठून आणि ती दारातच कशी अडवता येईल, हा प्रश्न एसीच्या रिमोटपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्याआधी बिलाविषयी थोडे. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते, हा हिशेब अनेकांना ठाऊक असतो. परंतु बिलातील स्थिर आकार आणि प्रत्यक्ष वापरावरचा आकार वेगळे असतात आणि काटकसरीचा परिणाम मुख्यतः दुसऱ्यावर होतो, हे फारसे पाहिले जात नाही. जिथे वापर वाढेल तसा पुढच्या टप्प्याचा दर चढत जातो, तिथे महिन्यातील शेवटची युनिटे सर्वांत महाग पडतात. उन्हाळ्यातील जादा वापर नेमका याच वरच्या टप्प्यात मोडतो, म्हणून वाचवलेले प्रत्येक युनिट त्याच चढ्या दराने वाचते. दोन महिन्यांच्या बिलांची तुलना करताना ती किती दिवसांची आहेत आणि मीटरचे वाचन प्रत्यक्ष घेतलेले आहे की सरासरीने धरलेले आहे, हेही पाहावे. काही वेळा बिलातील वाढ वापरामुळे नसून दिवस जास्त धरल्यामुळे झालेली असते.

कोणते उपकरण किती वीज घेते हे समजण्यासाठी वेगळे यंत्र आणावे लागत नाही. डिजिटल मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटामागे तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेले असते. समजा तो आकडा ३२०० आहे आणि एका मिनिटात दिवा ८० वेळा लुकलुकला, तर तासाला ४८०० वेळा लुकलुकेल, म्हणजे त्या क्षणी घर दीड किलोवॅट वीज घेत आहे. एकेक उपकरण बंद करून पुन्हा मोजले की प्रत्येकाचा वाटा उघड होतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण घरातील वाद अंदाजावर न राहता आकड्यांवर येतो. दिवसरात्र जोडून ठेवलेली, पण वापरात नसलेली उपकरणे सर्व मिळून केवळ १० वॅट घेत असली तरी ३० दिवसांत ७ युनिटांहून अधिक वीज जाते. हे कळल्यावर प्लगपाशी बटण बंद करण्याची सवय आपोआप लागते. तरीही खरा भार तिथे नसतो, त्यामुळे सगळी शक्ती तिथेच खर्च करू नये.

खरा भार उन्हाचा असतो. निरभ्र आकाशात सूर्याकडे सरळ तोंड केलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण १००० वॅट इतकी सौरऊर्जा पडते. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारनंतर ऊन तिरपे पडते, तरीही प्रत्येक चौरस मीटरमागे काहीशे वॅट उष्णता साध्या काचेतून आत येते. दोन मोठ्या खिडक्या असतील तर खोलीत चक्क हीटर लावून त्याच वेळी एसी चालवण्यासारखे होते. उन्हाळ्यात पूर्व आणि पश्चिम या दोन्ही बाजू अधिक त्रास देतात, कारण सकाळ-संध्याकाळी सूर्य खाली असल्यामुळे किरण खिडकीवर थेट येतात आणि वरचा सज्जा त्यांना अडवू शकत नाही. आतला पडदा काही प्रमाणात उपयोगी पडतो, पण ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडले की तो तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. तेच ऊन काचेच्या बाहेर चटईने, जाळीच्या कापडाने, लाकडी झडपांनी किंवा वेलीने अडवले तर उष्णता आत येतच नाही. एकाच खिडकीवर खर्च करणे शक्य असेल तर तो पश्चिमेच्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूवर करावा, असा माझा आग्रह राहील.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी खिडकीपेक्षाही छत महत्त्वाचे असते. भर उन्हात गडद रंगाच्या सपाट छताचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे सहज जातो. स्लॅब आणि जाड भिंती ही उष्णता दिवसभर शोषून घेतात आणि काही तासांच्या विलंबाने आत सोडतात, त्यामुळे बाहेर वारा सुटला तरी रात्री खोली तापलेलीच राहते आणि एसी अर्ध्या रात्रीपर्यंत त्या दुपारच्या उन्हाशीच झुंजत असतो. ताज्या पांढऱ्या परावर्तक लेपावरून साधारण ७० ते ८० टक्के सौरऊर्जा परत फेकली जाते. धूळ बसली की हा परिणाम घटतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर छत धुऊन घेणे हा त्या लेपाच्या देखभालीचाच भाग समजावा. ज्यांना रंग देणे शक्य नाही, त्यांनी छतावर सावलीचे कापड थोडे उंच बांधले आणि खालून हवा खेळती ठेवली तरी बराच फरक पडतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना यासाठी मालकाची परवानगी घ्यावी लागते आणि ती नेहमी मिळतेच असे नाही, ही अडचण मी जाणतो. अशा वेळी बाहेरून बांधता व सोडता येणारी चटई हाच उत्तम मार्ग ठरतो.

बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेपर्यंत खिडक्या बंद आणि ती थंड झाली की उघड्या, हा नियम साधा असला तरी हवेच्या तापमानाकडे लक्ष न देता केवळ सवयीने खिडक्या उघडल्या-मिटल्या जातात. रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवून एका खिडकीत तोंड बाहेर करून पंखा लावला की भिंतींत साठलेली उष्णता हळूहळू निघून जाते. रात्रीही हवा दमट आणि उकाड्याची असेल तर मात्र हा उपाय फारसा चालत नाही.

घरात जी वीज वापरली जाते ती अखेरीस जवळजवळ सगळी उष्णतेतच रूपांतरित होते. म्हणून १०० वॅटचे उपकरण थंड केलेल्या खोलीत चालले तर त्याची उष्णता बाहेर टाकण्यासाठी एसीला आणखी सुमारे ३० वॅट लागतात. ओव्हन, इस्त्री आणि कपडे धुण्याचे यंत्र सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा वापरणे, स्वयंपाक करताना धूर खेचणारा पंखा चालू ठेवणे आणि फ्रिजच्या मागे हवा खेळेल एवढी जागा सोडणे, ही कामे बिनखर्चाची आहेत.

आर्द्रतेचा मुद्दा मला अधिक विस्ताराने मांडावासा वाटतो, कारण तो सर्वाधिक दुर्लक्षित आहे. अमेरिकन अभियंते विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये आजच्या एसीची जी मूळ यंत्रणा आखली, तीच मुळी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यातील आर्द्रता आवरण्यासाठी होती. दमटपणामुळे कागद फुगत-आकसत असे आणि रंग जागेवर बसत नसत. आजही एसीच्या श्रमाचा मोठा हिस्सा हवेतील ओलावा काढण्यात जातो. एक लिटर पाणी हवेतून काढण्यासाठी सुमारे ०.६८ किलोवॅट-तास उष्णता बाहेर टाकावी लागते, म्हणजे चांगल्या यंत्रालाही जवळपास ०.२ युनिट वीज लागते. ओले कपडे खोलीत वाळत घालणे, न्हाणीघराचे दार उघडे ठेवणे किंवा एसी चालू असताना कूलर लावणे म्हणजे हेच पाणी आपल्या हाताने हवेत सोडणे होय. गरजेपेक्षा मोठा एसीही याच कारणाने गैरसोयीचा ठरतो. तो खोली झटकन थंड करून थांबतो, ओलावा काढायला त्याला पुरेसा वेळ मिळत नाही, मग चिकचिक जाणवते आणि आपण तापमान आणखी खाली नेतो.

आता तापमान किती ठेवावे याविषयी. बाहेर ४० अंश असताना आत २० अंश ठेवले तर फरक २० अंशांचा असतो आणि २६ ठेवले तर १४ अंशांचा. भिंतींतून व फटींतून येणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती सुमारे ३० टक्क्यांनी घटते, दर अंशामागे साधारण ५ टक्के. शिवाय फरक कमी असला की यंत्राची कार्यक्षमताही वाढते. १६ अंश लावल्याने खोली लवकर थंड होते हा समज विशेषतः जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या कंप्रेसरच्या एसीबाबत चुकीचा आहे. तो दोन्ही वेळी सारख्याच ताकदीने चालतो, फक्त १६ अंशांच्या मागे लागून थांबायचे विसरतो. छताचा पंखा मंद चालू ठेवला तर २६ किंवा २७ अंशांतही सुखाने झोप लागते. पंखा हवा थंड करत नाही, तो घामाचे बाष्पीभवन वाढवून शरीराला थंडावा देतो, म्हणून रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, तर नवा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या, ब्रशविना चालणाऱ्या डीसी मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅट. रोज २० तास चालणाऱ्या एका पंख्यामागे ३० दिवसांत २७ युनिटे वाचतात, आणि घरात असे तीन-चार पंखे असतात.

एसीच्या देखभालीत फिल्टर धुणे आणि बाहेरच्या युनिटला मोकळी हवा मिळू देणे या दोन गोष्टी घरच्या घरी होतात. गॅस दरवर्षी भरावा लागतो असे कोणी सांगितले तर आधी गळती शोधायला सांगावी, कारण बंद नळ्यांतला गॅस वापराने संपत नाही.

कोरड्या हवेच्या प्रदेशात कूलर हा फार समर्थ पर्याय आहे. पाण्याचे बाष्पीभवन हवेतील उष्णता शोषते, आणि हे काम तो २०० वॅटच्या आतबाहेर विजेत करतो. मात्र ओली हवा बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी. हवा दमट झाली की त्याचा आधार संपतो.

नवे यंत्र घेताना मात्र खोलीतील ऊन आधी अडवून मगच त्याची क्षमता ठरवावी. एक टन क्षमता म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची ताकद. ज्या खोलीला उघड्या पश्चिम खिडकीमुळे दीड टन लागतो, तिला सावली केल्यावर एक टन पुरू शकतो. रोज बरेच तास चालणार असेल तर इन्व्हर्टर असलेला (म्हणजे गरजेनुसार कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा), वीजबचतीचे अधिक तारांकन मिळालेला एसी जादा किंमत वसूल करतो. वर्षातून मोजके दिवस वापर असेल तर तो हिशेब जुळेलच असे नाही.

एका बाबतीत काटकसर करू नये. वयस्कर माणसांना तहान आणि उकाडा दोन्हींची जाणीव उशिरा होते, तान्ह्या बाळांना सांगता येत नाही, आणि हवा शरीराच्या तापमानाहून बरीच गरम व कोरडी झाली की नुसता पंखा गरम वाराच अंगावर सोडतो. त्यांच्या खोलीत एक साधा तापमापक लावावा आणि एसी चालवायचा की नाही हे त्यावरील आकडा पाहून ठरवावे; बिल वाढेल या संकोचाने वडीलधारी मंडळी नेहमी ‘मला काही होत नाही’ असेच म्हणतात.