व्हॉल्व्हचा उजेड आणि खाँसाहेबांचा सूर
आज सांगलीत, विश्रामबागला मित्राकडे दोन अॅम्प्लिफायर आलटून पालटून ऐकले. एक ट्रान्झिस्टरचा, दुसरा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा; सिंगल-एंडेड ईएल८४, म्हणजे एकेका स्पीकरला ईएल८४ जातीचा एकच व्हॉल्व्ह. स्पीकर तेच, आवाजही मुद्दाम सारखाच ठेवला. जरा मोठा वाजला की तोच गोड वाटतो.

व्हॉल्व्ह तापले, काचेत नारिंगी उजेड आला आणि किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा सूर लागला. अंगावर काटा आला! असा व्हॉल्व्ह मूळ सुरात दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर हलकासा मिसळतो. आपले मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतात तेव्हाही तारेतून आपोआप उमटणारे स्वयंभू स्वरच फुलतात ना? म्हणून तो गोडवा कानाला परका वाटत नसावा.

मग तबला लावला. डग्ग्याची घुमक ट्रान्झिस्टरवर घट्ट, जिथल्या तिथे, व्हॉल्व्हवर सैल. व्हॉल्व्हवाल्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरकडच्या टोकाचा विद्युत अवरोध, जास्त, त्यामुळे स्पीकरवर पकड कमी. तबला-पखवाजच्या शौकिनांनी ट्रान्झिस्टरच घ्यावा, हे माझं स्पष्ट मत.

(व्हॉल्व्हची काच चटका बसेल इतकी तापते. घरात लहान मुलं असतील तर वर जाळी हवीच.)

मी मात्र जास्त गायकीच ऐकतो. दिवाळीपर्यंत पैसे साठवून व्हॉल्व्हचाच घेणार.