शिसे वितळवायला भांडे एक नव्हे, दोन

पेनसिल्व्हेनियातील आमच्या नेमबाजी क्लबात जे सभासद काडतुसे घरी भरू लागतात, ते काही महिन्यांतच शिशाच्या गोळ्याही स्वतः ओतण्याच्या विचाराला लागतात आणि मग शिसे वितळवण्यासाठी कोणते भांडे घ्यावे, असे विचारतात. (भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास 1959 च्या शस्त्र अधिनियमाने मनाई आहे, त्यामुळे पुढील मजकूर अमेरिकेत राहणाऱ्या आणि येथील कायदे पाळणाऱ्या वाचकांसाठीच आहे.) माझे उत्तर गेली कित्येक वर्षे बदललेले नाही. भंगार शिसे गाळण्याचे भांडे वेगळे असावे आणि गोळ्या ओतण्याचे वेगळे. हे ठरल्याशिवाय कंपनी आणि किंमत यांची चर्चा करू नये.

मी स्वतः हे उलट्या क्रमाने शिकलो. तळाला तोटी असलेले विजेचे भांडे विकत घेतले आणि टायर-दुकानातून आणलेली, चाकांचा तोल साधण्यासाठी लावतात ती जुनी वजने, त्यांच्या लोखंडी पट्ट्या, ग्रीस आणि माती यांसकट, थेट त्यातच टाकली. वरवरची मळी पळीने निघाली. पण जी बारीक राख भांड्याच्या भिंतींना आणि तळाला चिकटून राहिली, ती तोटी बंद करणारा दांडा आणि त्याची बैठक यांच्यामध्ये जाऊन बसली आणि तोटी थेंब-थेंब गळू लागली. दांड्याच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घालून तो थोडा फिरवला की गळती तात्पुरती थांबे, परंतु अखेरीस भांडे पूर्ण रिकामे करून, दांडा व बैठक दोन्ही घासून स्वच्छ करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

गाळण्यासाठी जाड बिडाचे किंवा पोलादी पातेले आणि प्रोपेनची शेगडी पुरते. ॲल्युमिनियमचे स्वयंपाकाचे भांडे मात्र कधीही वापरू नये, कारण त्या उष्णतेला ते नरम पडते आणि भरलेल्या शिशाचे वजन त्याला पेलत नाही. येथे थर्मामीटर हवाच. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त 419 अंशांना. त्यामुळे पातेले 400 अंशांच्या खाली ठेवले तर जस्ताची वजने न वितळता वर तरंगतात आणि सहज काढून टाकता येतात. कॅलिफोर्नियाने 2010 पासून चाकांच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली, इतरत्रही त्यांचा वापर घटला, आणि आता भंगाराच्या बादलीत जस्त व लोखंड भरपूर निघते. जस्त एकदा मिसळले की धातू साच्यात नीट भरत नाही.

स्वच्छ झालेल्या शिशाच्या विटा पाडून ठेवाव्यात आणि ओतण्याच्या भांड्यात केवळ त्याच घालाव्यात. लहानपणी दारात बसून नवसागराच्या धुरात पातेली उजळणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कथील वेगळे सांगायला नको. ते 232 अंशांनाच वितळते आणि थोडेसे मिसळले तरी शिसे साच्याच्या कोपऱ्यांत नीट पसरते. शिशाला कठीणपणा येतो तो मुख्यतः अँटिमनी या ठिसूळ, धातूसारख्या मूलद्रव्यामुळे. जुन्या छापखान्यात मजकुराच्या ओळी धातूत ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या धातूत सुमारे 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील असे; असा जुना धातू हाती लागला तर तो जपून ठेवावा आणि थोडा-थोडा मिसळावा.

आता ओतण्याचे भांडे. ली, लायमन आणि आरसीबीएस या तिन्ही कंपन्या विजेवर चालणारी भांडी बनवतात. खरा निर्णय मात्र आकाराचा आणि तोटी की पळी याचा असतो. 158 ग्रेनची गोळी (7000 ग्रेन म्हणजे एक पौंड) धरली तर एका पौंडात 44 गोळ्या होतात; म्हणजे 10 पौंडांचे भांडे कागदावर 440 गोळ्यांचे आहे, परंतु तळाचे शिसे शिल्लक ठेवावे लागत असल्याने प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी मिळतात. यापेक्षा महत्त्वाची बाब तापमानाची आहे. लहान भांड्यात एक थंड वीट टाकली की सारा धातू निवतो आणि पुन्हा तापेपर्यंत साचाही थंड होतो, तर 20 पौंडांच्या भांड्याला तेवढा फरक जाणवत नाही. एका वेळी सहा गोळ्या पाडणाऱ्या, सहा घरांच्या साच्यासाठी मी 20 पौंडांचे, तोटीचे भांडेच सुचवीन. एकेरी साच्यातून जड रायफल-गोळ्या ओतणाऱ्याने मात्र उघडे भांडे आणि पळी घ्यावी. साच्याच्या तोंडाशी टेकवून धरलेल्या पळीतून मोठी गोळी अधिक भरीव निघते, असा माझा अनुभव आहे. भांड्यावरील आकड्यांच्या चकतीवर विसंबू नये, कारण ती तापमान दाखवत नाही.

भांडे कोठे ठेवणार, हे विकत घेण्याआधीच ठरवावे. स्वयंपाकघर आणि तळघर वर्ज्य. मी दार उघडे ठेवून गॅरेजमध्ये, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत चामड्याचे मोजे घालून काम करतो. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला तर त्याची क्षणार्धात वाफ होते आणि धातू छतापर्यंत उडतो, म्हणून ओली वीट भांड्याजवळही आणू नये. शिशाच्या वाफेपेक्षा मळीची बारीक धूळ अधिक घातक आहे, कारण ती हातांवरून आणि कपड्यांवरून घरात शिरते. लहान मुलांसाठी रक्तातील शिशाची येथील संदर्भ-मर्यादा 2021 पासून प्रति डेसिलिटर साडेतीन मायक्रोग्रॅम इतकी अल्प आहे. मी मळी झाकणबंद डब्यात ठेवतो, कामाचे कपडे वेगळे धुतो आणि वर्षातून एकदा स्वतःचे रक्त तपासून घेतो.